अकरावं नाव

त्या एप्रिलात मी पोर्टलमध्ये अकरा नावं घातली. पहिली दहा घालताना मला काही वाटलं नाही, हे खरं सांगते.

टॉलिव्हर कॉलेजच्या व्यायामशाळेत धुलाईयंत्रांच्या शेजारी एक खोली आहे, तिथे मी बसते. खेळाडूंचे गुण, हजेरी, शिष्यवृत्तीचे कागद, नियमांची पूर्तता, सगळं माझ्याकडे. मोठ्या विद्यापीठांत ह्याच कामाला सहा-सहा माणसं असतात. इथे मी एकटी, आणि सामन्याच्या दिवशी तिकीटखिडकीवर जिनीव्हाला मदत करायची ती वेगळीच. एखाद्या खेळाडूला दुसऱ्या कॉलेजात जायचं असलं की तो मला दोन ओळींचा मेल पाठवतो, आणि कामाच्या दोन दिवसांत मी त्याचं नाव पोर्टलमध्ये घालते. पोर्टल म्हणजे एक यादी. तिच्यात नाव गेलं की देशातल्या कुठल्याही कॉलेजला त्या पोराशी बोलायची मुभा मिळते. आणि आमचं कॉलेज पुढच्या वर्षापासून त्याच्या शिष्यवृत्तीच्या जबाबदारीतून सुटतं. मग त्याला ठेवायचं की नाही, कॉलेजची मर्जी. हा नियम मला पाठ होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता.

आमची बास्केटबॉलची लीग लहान. सामन्यांना बसने जायचं, जेवण वाटेत पिशवीतून. पोरं येतात तेव्हा नुसते खांदे आणि गुडघे असतात. त्यांना आम्ही जेवू घालतो, गणितात पास करतो, कोच त्यांना खेळायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी एखादा पोरगा टीव्हीवर दिसलेल्या सामन्यात पंचवीस गुण मारतो, आणि एप्रिल उजाडला की तो आमचा राहत नाही. जिनीव्हा म्हणते, "आपण रोपवाटिका गं, ओडेसा. खड्डा खणायचा, पाणी घालायचं. पीच खाणारे वेगळेच."

त्या वर्षी शेवटचा सामना हरल्यावर तिसऱ्याच दिवशी आमचा सगळ्यात चांगला खेळाडू गेला. त्याच्या मागोमाग नऊ. तेरातले तीन उरले. दोघांना कुणी मागत नव्हतं. आणि तिसरा मार्क्वेल ग्रिग्सबी. त्याला जायचंच नव्हतं.

मार्क्वेल माझा. म्हणजे पोटचा नव्हे. ब्रॅनन रोडवरच्या आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये जुनी रीत आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरांना मंडळी आपल्या सांभाळात घेते. घरच्या चर्चमधलं त्यांचं नाव तसंच राहतं, पण चार वर्षं ती आमची. प्रत्येकाला मंडळीतली एकेक 'मदर' नेमून दिलेली असते. मार्क्वेल टोलीडोहून आला त्या वर्षी माझी पाळी होती. साडेसहा फूट उंच, आणि दारातून आत येताना टोपी काढायची की मान वाकवायची हे न कळून दोन्ही एकदम करणारा. तीन वर्षं दर रविवारी तो माझ्या टेबलाशी जेवला. रश्शातले पोर्क चॉप आणि बटर बीन्स झाले की ताट धुऊन, पुसून ठेवायचा. चर्चची व्हॅन चालवायचा, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचा. खेळात त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसे. दुसऱ्याला नेम धरता यावा म्हणून समोरच्याच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं, धक्के खायचे, हे त्याचं काम. त्याला गणिताचा मास्तर व्हायचं होतं, तेही इथल्याच शाळेत. पदवीला एक वर्ष राहिलं होतं.

कोच रॉडरिक टिस्डेल. तोही एका अर्थी माझाच. सात वर्षांचा असताना रविवारच्या शाळेत माझ्यासमोर बसायचा आणि पाठ केलेलं विसरला की छताकडे बघायचा. पुढे गाव सोडून गेला, मोठ्या संघांच्या कोचांच्या हाताखाली राबला, आणि आमच्या कॉलेजने बोलावलं तेव्हा बायकापोरांना घेऊन परत आला. मंडळीने त्याला डीकन केलं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक. चांगला माणूस. हे मी आजही लिहिते, आणि लिहिताना हात अडखळतो.

त्या रविवारी पाळक स्टॉलवर्थ फार सुंदर बोलले. ते सुरुवात करतात तेव्हा साधं बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग कधी त्या बोलण्यात सूर शिरतो ते कळत नाही. ऑर्गनवाला ब्रदर हायसन तो सूर अलगद उचलून घेतो, मंडळी झील धरते, आणि पाळक त्या झिलीवर एकेक पायरी वर चढत जातात. त्या दिवशीचा विषय हजेरीचा होता. शेवटच्या दिवशी देव हजेरी घेईल. कुणाचं नाव गळणार नाही. "त्या वहीत खाडाखोड नाही!" पाळक गात होते. "नाही!" आम्ही म्हणत होतो. "तिथे बदली खेळाडू नाही!" "नाही, रेव्हरंड!" मी उभी राहिले होते, हातातला पंखा कुठे पडला मला ठाऊक नाही. माझ्यासारखीला आठवडाभर तेवढंच पुरतं. त्यावर मी सोमवार ते शनिवार काढते.

उपासनेनंतर खालच्या दालनात जेवण होतं. माझ्या कानात अजून तो सूर होता. कोच आपली केकची बशी घेऊन आमच्या टेबलाशी आले.

"मार्क्वेल, हे तिसरं ताट का रे?"

"दुसरं, कोच. पहिलं मोजायचं नाही असं मदरनी सांगितलंय."

"मदर तुला खेळाडू नाही ठेवणार, भिंत करणार."

"भिंतच तर हवी असते तुम्हाला, कोच."

सगळे हसले. कोच खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक. उद्या तू पण नाव घाल पोर्टलमध्ये."

मार्क्वेलचा काटा ताटात थांबला. "मला काढताय?"

"अरे, काढतोय कसला! दहा पोरं गेली त्याचं कॉलेजातल्या वरच्या लोकांना काही नाही. जो राहतो त्याची किंमत कुणी करत नाही, हे तर तूही बघतोस. दोन-चार कॉलेजांचे फोन येऊ देत तुला. मग मी वर जाऊन म्हणू शकतो, बघा, ह्यालाही मागतायत, ह्याचे उन्हाळी वर्ग, राहायची खोली, सगळं नीट करा. एवढंच. जागा तुझी ती तुझीच. मी धरून ठेवतो."

"आणि फोन नाही आले तर?"

"तरी तुझीच." आणि कोचनी उजवा हात पुढे केला. "हा घे."

आता ह्या हाताचं सांगायला हवं. आमच्याकडे नवा सभासद आला की सगळी मंडळी रांगेने येऊन त्याला उजवा हात देते. तो दिला की तो माणूस आपला. त्या हाताचा मान असा की आम्ही आपसात कागद करत नाही. माझ्या नवऱ्याने आमच्या घराचं छप्पर एका डीकनकडून अशाच हातावर घालून घेतलं होतं, आणि ते अजून गळत नाही. मंडळीतल्या माणसाला 'लिहून दे' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं.

मार्क्वेल बाहेरचा, टोलीडोचा. त्याने हात लगेच धरला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मदर?"

मला नियम पाठ होता. एका वाक्यात सांगता आला असता. 'कोच, हेच कागदावर द्या, मी उद्या सकाळी शिक्का मारते' एवढं म्हणायचं होतं. शेजारी पाळक स्टॉलवर्थ उभे होते, दालन माणसांनी भरलेलं होतं. मी म्हटलं, "डीकननी हात दिलाय, बाळ. मग आणखी काय राहिलं?"

त्याने हात धरला. पाळक हसून म्हणाले, "आमेन."

सोमवारी नऊ वाजता त्याचा मेल आला. मला दोन दिवसांची सवड होती. मी नऊ दहाला नाव घातलं. आपल्या माणसाचं काम म्हणून झटपट.

मग वाट बघणं सुरू झालं. रविवारी टेबलावर त्याचा फोन ताटाशेजारी उताणा ठेवलेला असे. देशभरातली दोन हजारांवर पोरं त्या यादीत होती, त्यातली बहुतेक रोज वीस गुण मारणारी. जो नुसता उभा राहून धक्के खातो त्याचे आकडे कुठेच उमटत नाहीत. पहिल्या आठवड्यात एक फोन आला. नेब्रास्कातल्या दोन वर्षांच्या एका छोट्या कॉलेजातून. तो माणूस त्याला मार्कस म्हणत होता.

"सांगायचं नाहीस का, नाव चुकलं म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं, मदर. मग ते म्हणाले, अच्छा, मग तू नव्हेस तो."

आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसू येत होतं. जागा तर होतीच ना. फोन हा वरचा फायदा होता.

मे उजाडला तशी माझ्या टेबलावर नव्या पोरांची कागदपत्रं यायला लागली. जॉर्जियातून एक, फ्लोरिडातून दोघं, युरोपातल्या लाटवियाहून एक सात फुटी, त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. मोठ्या कॉलेजांनी बाकावर बसवून ठेवलेली पोरं आता खाली आमच्याकडे येत होती. मी कागद लावत गेले. बारा झाले, तेरा झाले. मनात म्हटलं, दोन जुनी आणि मार्क्वेल धरून सोळा होतात, आणि जागा तर ह्या वर्षी पंधराच, कुठेतरी माझं मोजायचं चुकतंय.

मेच्या तिसऱ्या गुरुवारी कोचनी पुढच्या मोसमाच्या संघाची यादी पाठवली. पंधरा नावं. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. मग कागद घेऊन व्यायामशाळेतल्या खेळायच्या कोर्टवर गेले. कोच एकटेच उभे होते, खांद्यावर टॉवेल, समोर रिकामे बाक.

"कोच, ह्यात एक नाव राहिलंय."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "सिस्टर ओडेसा, बसा जरा."

"बसायला नाही आले. मार्क्वेलचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही."

धुलाईयंत्र फिरत होतं, त्याचा आवाज इथपर्यंत येत होता. त्यांनी छताकडे पाहिलं, सात वर्षांचा असताना पाहायचा तसं.

"लाटवियाच्या पोराला जागा हवी होती. त्याच्या लोकांनी शुक्रवारपर्यंतच वेळ दिला होता. असा उंच खेळाडू आपल्या लीगमध्ये दहा वर्षांत आलेला नाही. मी तरी काय करू? सात सामने जिंकलो गेल्या वर्षी. सात! आणखी एक असं वर्ष गेलं की माझं सामान रस्त्यावर."

"तू हात दिला होतास, रॉडरिक."

"जमेल तिथवर धरून ठेवीन म्हणालो होतो."

"जमेल तिथवर म्हणाला नव्हतास. मी शेजारी बसले होते. केकची बशी तुझ्या डाव्या हातात होती."

त्यांचा आवाज चढला. "आणि मला कोण धरून ठेवतं, सांगा ना! दोन वर्षांत चौदा पोरं गेली मला सोडून. त्यांच्या आयांना भेटायला मी आठ-आठ तास गाडी हाकत गेलो होतो. त्यातल्या एकाने तरी फोन केला? मला फोनच्या पडद्यावर कळतं, गेला म्हणून. तेव्हा नाही कुणी उभं राहिलं मंडळीत, की डीकनवर अन्याय झाला."

"ज्यांनी तुला सोडलं त्यांचं तू काही करू शकला नाहीस. म्हणून जो राहिला त्याला..."

"मी काढलेलं नाही त्याला." आता ते हळू बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. "त्याने स्वतः नाव घातलं, सिस्टर. आणि टाइप तुम्ही केलंत."

मी परत खोलीत आले. कोचनी त्याला काढलं असतं तर त्याला दाद मागता आली असती. समिती बसली असती, मी स्वतः एकेक कागद मांडला असता, आणि खेळातलं कारण दाखवून शिष्यवृत्ती तोडता येत नाही हे कलम बोट ठेवून दाखवलं असतं. ते कलम कोचना माहीत होतं. म्हणूनच पोर्टल. पण मार्क्वेलला कुणी काढलंच नव्हतं. कागदावर तो आपल्या पायांनी चालत गेला होता, सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

तरी मी वर जाऊन आले. वरच्यांनी शांतपणे विचारलं, "लेखी काही आहे का?" पाळकांकडेही गेले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "सिस्टर, तो डीकन आहे. मी त्याच्याशी बोलेन." ते बोलले असतील. त्याने काही बदललं नाही.

मार्क्वेलला मीच सांगितलं. रविवारची वाट पाहिली नाही. शनिवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं, फोन उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"नाव मागे घेतो मग."

"घेता येईल बाळ. पण परत घ्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात. त्यांची जागा भरली."

"बरं. गणित फार काही राहिलं नव्हतं, मदर. सहा विषय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "माझी चूक झाली. मला नियम माहीत होता."

"मला पण माहीत होता," तो म्हणाला. "आम्हाला दरवर्षी तुम्हीच तर वाचून दाखवता. मी तुमच्याकडे बघितलं, कारण मला वाटलं, इथे तो नियम लागू नसेल."

शिष्यवृत्तीशिवाय फी भरणं त्याला परवडणारं नव्हतं. टोलीडोत त्याच्या मामाने गोदामात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. त्याला पुढच्या सोमवारी निघायचं होतं. ताट धुऊन, पुसून झाल्यावर दारात उभा राहून म्हणाला, "मला चर्चची चिठ्ठी द्याल?"

माणूस एका मंडळीतून दुसरीकडे जातो तेव्हा त्याला चिठ्ठी देतात. हा आमचा, चांगल्या वागणुकीचा, तुमच्याकडे घ्या, असं. सांभाळातल्या पोरांना ती सहसा लागत नाही. त्यांचं घरचं चर्च असतंच. पण मार्क्वेलचं घरचं चर्च दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, हे मला ठाऊक होतं. मंडळीची चिटणीस मीच. छापील कागद माझ्याच खणात असतो.

"कुठल्या चर्चच्या नावे लिहू?"

"ती जागा रिकामी ठेवा. कुणी घेतलं तर भरीन."

मी त्याचं नाव लिहिलं. त्या वसंतात त्याचं नाव मी दुसऱ्यांदा असं लिहीत होते. शाई वाळेपर्यंत तो थांबला नाही. म्हणाला, मतदान झालं की टपालाने पाठवा.

चिठ्ठीला मंडळीची संमती लागते. ती जूनच्या पहिल्या रविवारी घेतली. तोवर मार्क्वेल जाऊन सहा दिवस झाले होते, आणि त्याच रविवारी नव्या पोरांना सांभाळात घ्यायचं ठरलं होतं. मी उभी राहून वाचलं, "ब्रदर मार्क्वेल ग्रिग्सबी, तीन वर्षं आपल्या सांभाळात, वागणूक उत्तम, चिठ्ठी मागतात." पाळकांनी विचारलं, अनुमोदन कोण देतंय. पुढच्या डीकनांच्या बाकावरून आवाज आला, "माझं अनुमोदन." कोच टिस्डेलचाच. वाईट हेतूने नाही. दर वेळी तेच देतात, सवयीने. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

पाळकांनी प्रवचन सुरू केलं. ते सूर धरून वर चढत गेले, हायसनने ऑर्गनवर तो उचलला, मंडळी उभी राहिली. मी बसून होते. जिनीव्हाने कोपर मारलं. "काय गं, बरं नाही का?" मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सुरात शब्द कोणते आहेत ते ऐकत होते.

शेवटी तोवर गावात पोचलेली सहा नवी पोरं पुढे उभी राहिली. मंडळी रांगेने निघाली, एकेकाला उजवा हात देत. पोरांच्या टोकाला कोच उभे होते, प्रत्येकाचं नाव सांगत. लाटवियाच्या पोराचा हात माझ्या दोन हातांएवढा. गार, घामेजलेला. त्याचा काय दोष? मी तो हात नीट धरला. जॉर्जियाच्या पोराची मदर म्हणून ह्या खेपेला पुन्हा मलाच नेमलं होतं. जेरमी त्याचं नाव. टोपी हातात चुरगाळत होता.

"मॅम, कोच म्हणाले रविवारी तुमच्याकडे जेवायचं. आणि म्हणाले की दोन वर्षं माझी जागा पक्की आहे."

कोच एका हाताच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं.

मी त्या पोराचा हात सोडला नाही. "जेवायला ये," मी म्हटलं. "आणि जागेचं लिहून घे. कुणीही काही कबूल केलं की लिहून घ्यायचं. कागदावर, तारीख घालून. इथे चर्चमध्ये उभं राहून सांगितलं तरी. मी सांगितलं तरीसुद्धा."

जेरमी हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. त्याने कोचकडे पाहिलं, तेही हसतील म्हणून. मागून रांग ढकलत होती. कोचनी माझ्यासाठी उजवा हात पुढे केला होता. तो तसाच राहिला, आणि मी पुढे सरकले.